दातांचा रकाना

परीक्षकांनी घाईताईचं बोट चावलं, त्याला सहा महिने होत आले होते. नख आधी निळं पडलं, मग काळं, मग गळून गेलं. नवं आलं, तेही आता जवळजवळ टोकापर्यंत पोचलं होतं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "दारात सापडलं." म्हातारा माणूस चावला हे सांगण्यासारखं नव्हतं, आणि चावल्यानंतर आपण काय केलं हे तर त्याहून नव्हतं.

घाईताई त्या वृद्धाश्रमात तळमजल्यावरच्या अकरा जणांची मदतनीस होती. सकाळी सात ते दुपारी तीन. अकरा जणांना उठवायचं, त्यांची तोंडं धुवायची, अंघोळी, कपडे, नाश्ता, औषधं, आणि हे आवरतंय तोवर जेवणाची घंटा. हातांना उसंत नाही आणि पायांना चाकं. ती बोलायचीसुद्धा धावतच, म्हणून तिथल्या एका आजींनी तिचं नाव घाईताई ठेवलं. ते असं चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवी माणसं विचारायची, ही बाई कोण, कधी येते?

परीक्षक हे अकरा जणांतले एक. एकतीस वर्षं त्यांनी गाडी चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. अर्ध्याअधिक गावाला त्यांनी निदान एकदा तरी नापास केलेलं, त्यात त्यांची स्वतःची लेकही सुटली नव्हती. आता विस्मरणाच्या आजाराने त्यांचं बाकीचं बोलणं पुसून नेलं होतं, पण परीक्षेचे शब्द तेवढे शाबूत राहिले होते. जेवणघरात शिरताना ते म्हणायचे, "डावीकडे वळा." जिन्याजवळ आले की, "वेग कमी करा." कुणी धाडकन खुर्ची मागे सरकवली तर खेदाने मान हलवायचे, "आरसा न बघता गाडी काढली." सगळे त्यांना सर म्हणत. घाईताईला ते फार आवडायचे. चावण्याच्या आधीही आणि नंतरही.

तिथे प्रत्येकाच्या पलंगामागे एक तक्ता लावलेला असे. अंघोळ, औषध, नाश्ता, जेवण, दात. प्रत्येकाला रकाना, आणि काम झालं की रकान्यात बरोबरची खूण. पहिले आठ महिने सर आपले दात आपणच घासत, तेही न्हाणीघराचं दार आतून लावून. मग एके दिवशी ब्रशला दाढीचा साबण लावून बाहेर आले, तोंडभर फेस. त्या दिवसापासून मोठ्या सिस्टरनी ते काम घाईताईकडे दिलं. दोन दिवस त्यांनी पुढचे दात तेवढे घासू दिले, तिसऱ्या दिवशी ब्रश मागे गेला आणि चावा. रक्त आलं, इंजेक्शन घ्यावं लागलं, आणि घाईताई, जी चार माणसांना एकटी उचलून बसवते, ती चक्क घाबरली.

दुसऱ्या दिवशी ती ब्रश घेऊन उभी राहिली. सरांनी ओठ घट्ट मिटले. बाहेर दहा जण खोळंबले होते. "उद्या करू, सर," ती म्हणाली आणि रकान्यात खूण केली. खूण करताना हात जड झाला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी थोडा कमी जड झाला. पंधरवड्यात तो सवयीने चालायला लागला. संध्याकाळच्या पाळीची मुलगी विचारायची, "सरांचे दात?" घाईताई सांगायची, "सकाळी स्वच्छ झालेत, छळू नकोस त्यांना आता." मग तीही खूण करून मोकळी व्हायची. तक्ता पाहिला तर वाटावं, या माणसाइतकं निर्मळ तोंड पंचक्रोशीत नसेल.

त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांची वजनं झाली. सर काट्याच्या खुर्चीवर बसले आणि आकडा दिसला, अठ्ठावन्न किलो चारशे. घाईताईला वाटलं खुर्ची भिंतीला टेकलीय. तिने ती पुढे ओढली आणि पुन्हा बसवलं. अठ्ठावन्न चारशे. चावा घेतला त्या महिन्यात अडुसष्ट होते. मधल्या महिन्यांत दीड किलो, दोन किलो असं उतरत गेलं होतं आणि दर वेळी कुणीतरी त्यापुढे लिहिलं होतं, "वयोमानाने." थेंबाथेंबाने तळं साचतं तसंच ते आटतंही, पण रोज काठावर बसणाऱ्याला ते दिसत नाही.

खाणं कमी झालंय हे सगळ्यांना माहीत होतं. आचारीकाका तर त्या काळजीने निम्मे झाले होते. आधी त्यांनी भाज्या मऊ शिजवल्या, मग कुस्करल्या, मग मिक्सरमधून काढल्या. "अंडं दिलं, दुधात पाव दिला, बटाटा लोण्यासारखा करून दिला," ते सांगायचे. "तोंडात घेतात, गालात ठेवतात आणि रुमालात काढतात. माझ्या हाताची चव गेली असेल तर तसं सांगा. पण रुमालात काढू नका म्हणावं, जिवाला लागतं."

डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. बाहेर येऊन मोठ्या सिस्टरना म्हणाले, "पोटात गाठ आहे का ते मोठ्या इस्पितळात नेऊन बघावं लागेल. नसेल तर मग आजारच पुढे गेलाय म्हणायचं. शेवटी शेवटी ही माणसं खाणंच विसरतात. नळी घालायची की नाही, घरच्यांशी बोलून ठेवा." घाईताई चादरींचा गठ्ठा घेऊन तिथूनच चालली होती. गठ्ठा तिने कुठे ठेवला हे तिला नंतर आठवेना.

सरांच्या लेकीला गुरुवारी यायला सांगितलं.

मंगळवारी दुपारी घाईताई घरी आली, पण स्वयंपाकात लक्ष नव्हतं. दोनदा तिने एकाच भाजीत मीठ घातलं. सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांची कवळी होती, वरची आणि खालची, आणि ती काढताना घरातल्या कुणी पाहिलेली नव्हती. आज त्या मधूनच गालावरून ती दाबत होत्या.

"आई, एक विचारू? कवळी दुखते का हो कधी?"

"न दुखायला काय झालं. कधी कधी असं वाटतं, बोडक्या हिरड्यांनी फिरावं पण हे लोढणं नको."

"मग सांगत का नाही तुम्ही?"

"दाताचं दुखणं सांगायचं म्हणजे आधी दात खोटे आहेत हे सांगायला हवं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना बारा वर्षं माहीत नव्हतं. ते झोपल्यावर काढायची आणि ते उठायच्या आत घालायची. का विचारतेस?"

घाईताईने सरांचं सांगितलं. वजन, रुमाल, डॉक्टर, नळी. रकान्याचं तेवढं सांगितलं नाही.

सासूबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "अगं, शेजारचं मांजर दूध पीत नव्हतं तर त्या जनावरांच्या डॉक्टरने पहिल्यांदा काय केलं? तोंड उघडून बघितलं. हा तर चांगला जिताजागता माणूस. पोटाच्या आधी तोंड लागतं की नाही? त्यांच्या तोंडात बघितलं का कुणी?"

घाईताई फोडणीकडे बघत राहिली. तोंडात रोज दोनदा बघितलं जात होतं. तक्त्यावर तसं लिहिलेलं होतं. म्हणूनच डॉक्टरांनी पाहिलं नाही, सिस्टरनी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. आणि आता एकेक गोष्ट तिला आठवायला लागली. सर पाण्याचा घोट घेताना दचकायचे. उशीवर नेहमी एकाच गालावर झोपायचे. जवळ वाकलं की एक वास यायचा, आणि आपण मान वळवून चादर खोचायचो. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत होतं. तिने फक्त त्याची बेरीज केली नव्हती, कारण उत्तर काय येणार हे तिला आत कुठेतरी माहीत होतं.

बुधवारी ती अर्धा तास लवकर गेली. बाकीच्या दहांच्या आधी सरांच्या खोलीत शिरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे खुर्ची ओढून बसली. एरवी ती समोर उभी राहून वरून हात न्यायची. आज शेजारी बसली, गाडीत बसतात तशी. हातात दोन ब्रश, मांडीवर छोटा आरसा, खिशात मोबाइल.

"सर, मी परीक्षेला आले आहे."

सरांनी तिच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ ताठ झाली. "कागदपत्रं?"

तिने तक्ता काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नसणार, पण घाईताईने नजर खाली वळवली.

"ठीक आहे," सर म्हणाले. "आधी गाडी तपासा."

"आधी आरसा बघते, सर." तिने आरसा धरला आणि स्वतःचे दात घासायला सुरुवात केली, सावकाश, त्यांना दिसेल असं. सर निरखून बघत होते. मग तिने दुसरा ब्रश त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. ओठांपाशी येऊन हात थांबला. ओठ मिटले. घाईताईला वाटलं, झालं, संपलं. बोटाचं नवं नख शिवशिवायला लागलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "बॉनेट उघडल्याशिवाय इंजिन कसं दिसणार?"

सरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर," आणि तोंड उघडलं.

फार नाही, दोन बोटं मावतील एवढंच. तेही तीन-चार सेकंद. मोबाइलच्या उजेडात तिला सुजलेलं लालभडक दिसलं, पांढरे डाग दिसले, आणि वर उजवीकडे मागच्या दाताला वेढा घालून बसलेली एक तार चमकली. तारेचं टोक हिरडीत गेलेलं होतं. सरांनी तोंड मिटलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतं का, सर?"

त्यांनी तिचा हात सोडला नाही.

तार म्हणजे कवळी. अर्धी कवळी, दोन-तीन दातांची. घाईताई उठून कार्यालयात गेली आणि सर आले त्या दिवशी भरलेला कागद शोधून काढला. लेकीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "दात: सर्व स्वतःचे." म्हणजे लेकीलाही माहीत नव्हतं. रोज दार लावून हा माणूस ती काढत होता, धूत होता, घालत होता. मग आजाराने ती काढायची असते हेच विसरायला लावलं. सहा महिने ती तिथेच रुतून बसली होती.

आता मोठ्या सिस्टरना सांगायचं. घाईताई त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "आजच दिसलं" म्हणता आलं असतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण सिस्टर हुशार होत्या, आणि नसत्या तरी तक्ता होता. सहा महिने रोज दात घासणाऱ्या बाईला सहा महिने तार दिसत नाही, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. ती पुन्हा दाराशी गेली आणि या वेळी आत शिरली.

मोठ्या सिस्टर सडसडीत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तेच विचारलं. "रोज घासत होतात ना ताई? मग आज कशी दिसली?"

घाईताई एरवी धावत बोलायची. आज तिला एकेक शब्द उचलून ठेवावा लागला. "घासत नव्हते. त्यांनी चावा घेतला तेव्हापासून एकदाही नाही. नुसत्या खुणा केल्या. संध्याकाळच्या मुलीलाही मीच सांगत होते की झालंय. तिची चूक नाही."

सिस्टरनी फोन उचलला. "तुमचं-माझं नंतर बोलू. आधी दातांच्या डॉक्टर."

दातांच्या डॉक्टर दुपारी आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, हातात एक पेटी. लेकीलाही सिस्टरनी लगेच बोलावून घेतलं होतं. ती कामावरून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टरांनी हिरडीला बधिर करणारं मलम लावलं, पाच मिनिटं सरांशी गाड्यांबद्दल गप्पा मारल्या आणि मग घाईताईला म्हणाल्या, "तुम्ही त्यांचा हात धरून बसा. तुमचं ऐकतात म्हणे."

घाईताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती बसली.

काम फार तर दहा मिनिटं चाललं असेल. सरांनी दोनदा डोकं मागे घेतलं, एकदा "ब्रेक" म्हणाले, आणि डॉक्टर खरंच थांबल्या. मग तार सुटली. गुलाबी पट्टी आणि तिच्यावर तीन दात, एवढी ती वस्तू ट्रेमध्ये पडली. सरांनी जीभ वर फिरवून पाहिली, सावकाश, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. सहा महिन्यांनी मोकळ्या झालेल्या जागेत माणूस हिंडेल तशी.

"बाबांना कवळी?" लेक म्हणाली. "शक्य नाही. त्यांना दातांचा केवढा अभिमान." मग ती ट्रेकडे बघत राहिली आणि एकदम हसायलाच लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "माझ्या लग्नाच्या आधी आठ दिवस ते कुणाशी बोलत नव्हते. आम्हाला वाटलं, मला सासरी पाठवायचं म्हणून वाईट वाटतंय. तेव्हाच बसवली असणार. अठरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, बाबांना माझ्या लग्नात शब्द फुटत नव्हता."

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या, "हिरडीला जखम आहे, बुरशी झाली आहे, आणि एक मूळ किडलेलं आहे, ते सूज उतरल्यावर काढू. या तोंडाने मी स्वतः पाण्याचा घोट घेतला नसता, हे जेवणार कसे? पोटाच्या तपासण्यांचं तुमचे डॉक्टर ठरवतील, पण मला विचाराल तर पंधरा दिवस याचा गुण येतो का बघा."

सिस्टरनी पोट तपासून गेलेल्या डॉक्टरांना फोन केला. इस्पितळाची तारीख पंधरा दिवस पुढे गेली. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

लेक घरी निघाली तेव्हा घाईताई तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. सिस्टरनी सांगितलं होतं, "त्यांना मी सांगते." घाईताईने नको म्हटलं होतं. तिथे फाटकाशी उभं राहून तिने सगळं सांगितलं, खुणांसकट.

लेकीने ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. "सहा महिने," ती म्हणाली. "मी दर शनिवारी येत होते. तुम्ही मला दर शनिवारी सांगत होता, सर मजेत आहेत."

"हो."

"मला आत्ता काही बोलायचं नाही," लेक म्हणाली आणि गेली.

पुढचे तीन दिवस घाईताईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. व्यवस्थापकांनी तिला बोलावून लेखी समज दिली. सही करताना तिला उलट बरंच वाटलं. निदान हा कागद खरा होता. सकाळ-संध्याकाळ ती सरांच्या शेजारी बसून मलम लावायची, मऊ ब्रशने उरलेले दात पुसायची. कधी ते तोंड उघडायचे, कधी नाही. संध्याकाळचं काम तिच्या पाळीत नव्हतं, तरी ती थांबायची. बुधवार, गुरुवार सर पहिल्यासारखेच रुमालात काढत राहिले. शुक्रवारी त्यांनी वाटीभर सूप घेतलं, पण ते काय, पाणीच. आचारीकाका म्हणाले, "आशा लावू नकोस गं, मी आधीच हळवा आहे."

शनिवारी सकाळी आचारीकाकांनी केळं कुस्करून दिलं होतं. सरांनी चमच्याने ते बाजूला सारलं. घाईताईचा चेहरा पडला. मग सरांनी हात लांब करून टेबलावरच्या परडीतलं अख्खं केळं उचललं, सोललं आणि खाल्लं. चावून खाल्लं. डाव्या बाजूने, जपून, मध्ये थांबून, पण रुमाल मांडीवर कोरडाच राहिला. केळं संपल्यावर त्यांनी शेजारच्या आजींच्या ताटलीतला टोस्ट घेतला. आजी म्हणाल्या, "अहो, तो माझा आहे." सर म्हणाले, "पुढे चला," आणि खात राहिले.

घाईताई आचारीकाकांना बोलवायला धावली. ते ओल्या हातांनी जेवणघराच्या दारात येऊन उभे राहिले. बघून झाल्यावर काही न बोलता आत गेले, आणि मिक्सर बंद केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांनी अख्खं उकडलेलं अंडं पाठवलं, चार फोडी करून, वर मिरपूड. तेही गेलं. तेव्हा कुठे घाईताईचा जीव भांड्यात पडला. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. बाहेर तीन आजोबा अंघोळीसाठी ताटकळले होते. ताटकळू देत म्हणाली ती.

दुपारी लेक आली. ती बापाजवळ बसली, घाईताईकडे बघितलं नाही. जेवणाच्या वेळी मात्र बापाने भाजी मागून घेतलेली तिने पाहिली. ताट उचलायला घाईताई आली तेव्हा ती म्हणाली, "ताई, बसा जरा."

घाईताई बसली.

"मी तुम्हाला माफ केलं असं म्हणत नाही. अजून राग येतो. पण घरी जाऊन विचार केला, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. कवळी सापडली एवढंच कळलं असतं, आणि मी तुम्हाला मिठाई आणून दिली असती." ती थोडी थांबली. "आणि चौदा महिने मी बाबांचे केस विंचरले, नखं कापली, शर्ट बदलले. तोंडात मीही बघितलं नाही. बापाच्या तोंडात काय बघायचं, असंच वाटत होतं. मला शिकवा दात कसे घासायचे ते."

पुढच्या शनिवारपासून ती शिकायला लागली. सरांनी तिला पहिल्या दोन वेळा नापास केलं. तिसऱ्या वेळी पास. ती म्हणाली, "परवान्यासारखं याही खेपेला तिसऱ्यांदाच," आणि घाईताईने, हसावं की नाही या विचारात असतानाच, तिच्याबरोबर हसून घेतलं.

पंधरा दिवसांनी सर काट्यावर बसले तेव्हा एक किलो शंभर वाढलेले होते. डॉक्टरांनी आकडा पाहिला, पोट पुन्हा दाबून पाहिलं, काही साध्या तपासण्या केल्या आणि इस्पितळाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने फाडली. किडलेलं मूळही पुढच्या आठवड्यात निघालं. आजार होता तिथेच होता. सर लेकीला कधी कधी उमेदवार समजत. पण भुकेलेला माणूस आणि आजारी माणूस यांत केवढा फरक असतो, हे त्या महिन्यात सगळ्यांनी पाहिलं. सर बागेत दोन फेऱ्या मारायला लागले, दुपारी चिडेनासे झाले, आणि सबंध रात्र झोपायला लागले.

मोठ्या सिस्टर त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तुमचं-माझं नंतर बोलू." ते बोलणं झालं, पण घाईताईला वाटलं होतं तसं नाही. सिस्टरनी तिच्यापुढे साऱ्या इमारतीचे तक्ते पसरले. चौतीस जणांचे. "या सगळ्यांवर रोज खुणा आहेत," त्या म्हणाल्या. "मला सांगा, अकरा जणांचे दात एका सकाळी नीट घासून होतात?"

घाईताई तक्त्यांवरच्या खुणा बघू लागली.

"खरं सांगा. आता तुम्हाला घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही."

"नाही होत," घाईताई म्हणाली. "सात-आठ होतात. ते पण कुणी अडून बसलं नाही तर."

"मग ते मला कळणार कसं? या रकान्यात फक्त झालं लिहायची सोय आहे. नाही झालं लिहायला जागाच ठेवलेली नाही. ही चूक तुमची नाही, माझी आहे."

पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टर पुन्हा आल्या आणि दोन दिवस बसून चौतीसच्या चौतीस तोंडं पाहिली. दोन आजी एकमेकींच्या कवळ्या घालून बसल्या होत्या आणि दोघी रोज आचारीकाकांच्या भाकरीला कडक म्हणून नावं ठेवत होत्या. एका आजोबांची कवळी कपाटात पायमोज्यात निघाली. वरच्या मजल्यावरच्या एक आजी वर्षभर नुसत्या सुपावर होत्या. कधीकाळी त्यांचा एक दात काढला होता, तेव्हा दोन दिवस पातळ द्या असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि ते दोन दिवस संपल्याचं लिहायला विसरले होते. त्यांना सफरचंदाची फोड दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलं इथे फळं देतच नाहीत." आचारीकाकांनी मिक्सर फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. आता ज्याला खरंच लागतं त्या चौघांपुरताच तो खाली येतो.

तक्ते बदलले. दातांच्या रकान्याचे दोन भाग झाले. एकात झालं, दुसऱ्यात झालं नाही, आणि पुढे का ते लिहायला लांब ओळ. संध्याकाळी चार ते सहा आणखी एक बाई कामाला आली, फक्त दातांसाठी आणि पाणी पाजण्यासाठी. नव्या तक्त्याचे पहिले काही दिवस मदतनीस बायका त्या दुसऱ्या भागाकडे सापाकडे बघावं तशा बघत होत्या. तिथे पहिल्यांदा कुणी लिहायचं यावर कुजबुज चालली होती.

पहिल्यांदा घाईताईनेच लिहिलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या शिवणकामवाल्या आजी त्या सकाळी काही केल्या तोंड उघडेनात. घाईताईने दोनदा विचारलं, आरसा दाखवला, शेजारी बसून पाहिलं. आजी म्हणाल्या, "मला झोपू दे गं, तुझं ते उद्या कर."

"उद्या नाही," घाईताई म्हणाली. "दुपारी करू."

तिने तक्त्यावर लिहिलं, "झालं नाही. झोप हवी होती. दुपारी दोन वाजता पुन्हा विचारणार." अक्षर मोठं आणि सुटं आलं होतं. मग ती पुढच्या खोलीत गेली. दोन वाजता जेवणघर आवरल्यावर ती परत आली, खुर्ची ओढून बसली, आणि आजींनी विचारलं, "आज घाई नाही वाटतं?"

"नाही," ती म्हणाली, आणि ब्रश ओला करून त्यांच्या हातात दिला.